पाण्याकाठच्या किल्ल्याचा फोटो : तुमचे प्रश्न

म्हापशाहून एक वाचक : मे महिन्यात आम्ही स्वित्झर्लंडला जातोय. जिनिव्हा सरोवराकाठच्या शियों किल्ल्यासाठी टूरवाल्याने सकाळचे दोन तास दिलेत. फोटोंसाठी ही वेळ बरी का?

नाही, जमत असेल तर बदलून घ्याच. हा किल्ला सरोवराच्या पूर्व टोकाला, काठालगतच्या खडकावर उभा आहे आणि डोंगर त्याच्या पूर्वेला, अगदी पाठीशी. त्यामुळे सकाळी पाण्याकडची बाजू सावलीत असते. दुपार कलली की ऊन पश्चिमेकडून, सरोवरावरून थेट तटावर येतं. मेच्या मध्यात तिथे सूर्य रात्री ९च्या सुमारास मावळतो. आपल्या गोव्याच्या सवयीने ७ला हॉटेल गाठलंत, तर सगळ्यात सुंदर उजेड हुकेल.

आणि किल्ल्याच्या दारात उतरू नका. जवळच्या माँत्रो गावाहून काठाकाठाने पाऊण तासाची पायवाट आहे, ती धरा. त्या वाटेवरून किल्ल्यामागे दाँ द्यू मिदीची बर्फाळ शिखरं दिसतात. जवळ जाऊन वाइड लेन्स लावली की तीच शिखरं टेकड्यांएवढी होतात. लांब थांबून झूम करा, मग ती किल्ल्याच्या खांद्याशी येतात. मला विचाराल तर या वाटेसाठी एखादं दुसरं ठिकाण गाळलं तरी चालेल.

फोंड्याहून : पोलरायझर फिल्टर विकत घ्यावा का?

घ्या, पण फिरवताना पाण्याकडे बघा. तो पाण्यावरची चमक काढतो, तशी किल्ल्याची पडछायाही पुसू शकतो. पडछाया हवी असेल तेव्हा काढून ठेवा.

मडगावहून : माझ्याकडे फक्त मोबाईल आहे. शियोंच्या तळघरात काय करू?

फ्लॅश बंद. १६व्या शतकात जिनिव्हाच्या स्वातंत्र्यासाठी झगडणाऱ्या फ्रांस्वा बोनिव्हारला साखळीने बांधून ठेवलं होतं ते हेच तळघर. त्याच्या खांबांवर अरुंद झरोक्यांतून उजेड येतो. त्या अंधारातच जागेचा जीव आहे. फ्लॅशने तो क्षणात मरतो. फोन भिंतीला टेकवा, नाइट मोड लावा, श्वास रोखून टिपा.

पर्वरीहून : जाण्याआधी सराव कुठे करावा?

घराजवळच! पणजीत कांपालच्या काठावर भल्या सकाळी उभे राहा. समोर मांडवीपलीकडे रेइश मागूशचा किल्ला. ऊन उजवीकडून तिरपं येतं आणि जांभ्याचा खडबडीतपणा उठून दिसतो. वारा सुटायच्या आत पोचा. भरती संपून ओहोटी लागण्याआधी पाणी थोडा वेळ थबकतं, ती वेळ साधली तर उत्तम. खालचं पांढरं चर्च मात्र फोटोत हमखास जळतं, म्हणजे नुसतं पांढरंफटक दिसतं. मोबाईलवर बोट त्या चर्चवर ठेवा, उजेड थोडा खाली ओढा आणि मगच बटण दाबा.