दारात फिगर उभी करून बघा : व्हिक्टोरियन कारखान्यांबद्दल प्रश्नोत्तरे

राणी व्हिक्टोरियाचा काळ म्हणजे १८३७ ते १९०१. त्या काळचं इंग्लंड टेबलावर मांडून छोट्या पुतळ्यांनी, म्हणजे फिगरनी, खेळणाऱ्यांची पत्रं या वेळी बरीच आली. उंच टोपीचे गुप्तहेर झाले, गोदीतले गुंड झाले, पोलीस झाले. आता सगळ्यांना मागे एक कारखाना हवाय. पत्रं थोडी आखडून घेतली आहेत.

प्रश्न : माझ्या फिगर २८ मि.मी.च्या आहेत. भावाने परदेशातून रेल्वे मॉडेलचा 'एचओ' कारखाना आणलाय. डब्यावर १:८७ लिहिलंय. तिथला दुकानदार म्हणाला, चालेल. खरंच चालेल का? (पुणे)

चालेल. दार मात्र बदलावं लागेल.

२८ मि.मी. हे प्रमाण नाही, फिगरची उंची आहे. तीही बहुतेक शिल्पकार पायापासून डोळ्यांपर्यंत मोजतात. गुणोत्तरात ते साधारण १:५६ च्या आसपास येतं. वर बेसची (पायाखालच्या चकतीची) जाडी दोन-तीन मि.मी., आणि व्हिक्टोरियन साहेबाच्या डोक्यावरची ती नळकांड्यासारखी टोपी. म्हणजे टेबलावर उभा राहिलेला साहेब ३५ मि.मी.च्या पुढेच जातो. आता दोन मीटरचं खरं दार १:८७ मध्ये किती होतं? २३ मि.मी. साहेबाच्या छातीशी! लहानपणी दिवाळीच्या किल्ल्यात आपले महाराज महादरवाजापेक्षा दुप्पट उंच असायचे, तसंच हे. तिथे ते शोभतं, इथे खेळ अडतो.

आता गंमत बघा. गिरणीचा मजला घरापेक्षा बराच उंच असतो, १२-१३ फूट तरी. एचओ किटमध्ये (किट म्हणजे तुकडे जोडून उभं करायचं मॉडेल) तो मजला सुमारे ४५ मि.मी. भरतो. हेच ४५ मि.मी. १:५६ ने वाचले तर अडीच मीटर होतात, म्हणजे एखाद्या बुटक्या कारखान्याचा मजला. आठ फुटी खिडकी पाच फुटी झाली, एवढंच. तुमच्या भावाने आणलेली मोठी गिरणी तुमच्या टेबलावर छोटी गिरणी होते, पण गिरणीच राहते. घराच्या किटला ही सवलत मिळत नाही, कारण तिथे प्रत्येक वस्तू माणसाच्या मापाची असते. कारखान्याच्या भिंतीवर माणसाचं माप सांगणाऱ्या गोष्टी मोजक्याच : दार, पायऱ्या, कठडा, शिडी. या चार बदला. दार ३८ मि.मी. उंच करा, ते ४५ च्या मजल्यात बसतं. पायऱ्या पुठ्ठ्याच्या नव्या करा. कठडा आणि शिडी काढूनच टाका, किंवा आगपेटीच्या काड्यांच्या लावा.

विटांची काळजी करू नका. इंग्रजी विटेचा एक थर चुन्यासकट तीन इंचांचा. एचओमध्ये तो ०.९ मि.मी. आणि १:५६ मध्ये १.४ मि.मी. हातभर अंतरावरून अर्ध्या मि.मी.चा फरक पकडणारा खेळाडू मला अजून भेटलेला नाही. भेटला तर त्याला पुढच्या वेळी बोलावू नका.

अजून काही घ्यायचं बाकी असेल तर ब्रिटिश 'ओओ' बघा. ते १:७६ आहे, मजला ५१ मि.मी.पर्यंत जातो आणि इमारती मुळातच इंग्लंडच्या असतात. 'ओ' गेज (रेल्वे मॉडेलचं मोठं माप; ब्रिटनमध्ये १:४३.५, अमेरिकेत १:४८) घेतलंत तर दारं ४२ ते ४६ मि.मी.ची मिळतात; थोडी मोठी दिसतात, पण बेससकट फिगर आरामात आत जाते. खिशाला मात्र चांगलीच कात्री लागते. 'एन' गेज नको, ते एचओपेक्षाही बरंच लहान.

प्रश्न : आमचा खेळ १८६० च्या दशकातल्या लंडनमध्ये घडतो. चार धुराड्यांचं एक भव्य विटांचं मॉडेल आवडलंय. घेऊ का? (नाशिक)

तुम्ही वर्णन केलंय ते बॅटरसी वीजकेंद्राच्या धर्तीचं दिसतंय. त्याचं बांधकाम १९२९ मध्ये सुरू झालं आणि चारही धुराडी उभी राहायला १९५५ उजाडलं. राणीला जाऊन अर्धं शतक उलटून गेलं होतं. १८६० च्या लंडनमध्ये वीजकेंद्रच नव्हतं. पहिलं सार्वजनिक केंद्र होलबर्न व्हायाडक्टला १८८२ मध्ये सुरू झालं.

तुम्ही विचारलं नाहीत, पण लंडनमध्ये सूतगिरणीही ठेवू नका. कापसाचा मुलूख लँकेशायर, लोकरीचा यॉर्कशायर. लंडनचा उद्योग म्हणजे गोदी, वखारी, दारूच्या भट्ट्या, बर्मंडसीचे कातडी कमावण्याचे कारखाने, आणि गॅस. गॅस लाइट अँड कोक कंपनीला सनद मिळाली १८१२ मध्ये, तेव्हा तुमच्या काळात गॅसची टाकी गल्लीच्या टोकाला हवीच. खरी मोठी टाकी १:५६ मध्ये अर्ध्या मीटरहून रुंद होईल. तुम्ही १५ सेंमी.चीच करा, कारखान्यांच्या स्वतःच्या छोट्या टाक्या असायच्या. साल्फर्डच्या फिलिप्स अँड ली गिरणीत विल्यम मर्डॉकने गॅसचे दिवे लावले ते १८०६ च्या सुमाराला. जाड पीव्हीसी पाइपचा तुकडा, वर घुमटाकार झाकण, भोवती ओतीव लोखंडाचे म्हणून काड्यांचे खांब. एका दुपारचं काम. शिवाय गोल आडोशाभोवती पाठलाग रंगतो, कारण कोण कुठून येईल ते दिसत नाही.

दुसरी सुचवणी सांडपाण्याच्या पंपिंग स्टेशनची. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स इतकी घाण मारली की पार्लमेंटला नाक दाबून कायदा करावा लागला. त्यातून इंजिनियर जोसेफ बॅझलजेटची गटारं आली. क्रॉसनेस १८६५ मध्ये सुरू झालं, अॅबी मिल्स १८६८ मध्ये. बाहेरून देवळासारखी नक्षी, आत वाफेची अजस्र इंजिनं, खाली बोगदे. खलनायकाला याहून चांगला पत्ता मिळणार नाही.

परकं किट ओळखायच्या खुणाही सांगून ठेवतो. छपरावर लाकडी पाण्याची टाकी आणि दर्शनी भिंतीवर नागमोडी लोखंडी जिना दिसला की अमेरिका. लाकडी चौकटीत विटा भरलेला मजला दिसला की बहुतेक जर्मनी. पहिली टाकी कापून टाकता येते, जिना मागच्या भिंतीवर नेता येतो. जर्मन चौकटीचं मात्र काही करता येत नाही. पन्हळी पत्रा बिनधास्त वापरा, लंडनच्या गोदीच्या इंजिनियरने त्याचं पेटंट १८२९ मध्येच घेतलं होतं. काँक्रीटचे खांब नकोत. तशी पहिली ब्रिटिश इमारत स्वान्सीची, १८९७ ची.

प्रश्न : मी लीड्सला राहते. सॉल्टेअरची गिरणी बघून आल्यापासून तीच टेबलावर हवी आहे. टेबल चार फूट बाय चार फूट. किती लहान करू? (लीड्स, इंग्लंड)

हिशोब मांडू या. गिरणीमालक टायटस सॉल्टने १८५३ मध्ये उघडलेली ही गिरणी ५४५ फूट लांब आहे. १:५६ मध्ये ती जवळजवळ दहा फूट होते. तुमच्या टेबलासारखी अडीच टेबलं लागतील. ब्रॅडफर्डच्या लिस्टर गिरणीचं धुराडं २४९ फुटी. ते मापात केलंत तर टेबलाची उंची धरून सात फुटांवर जाईल.

म्हणून गिरणी लहान करू नका, कापा. टेबलाच्या मागच्या कडेला चार-पाच सेंमी. खोलीची नुसती दर्शनी भिंत उभी करा, तीन मजली, आठ-दहा खिडक्यांची. डावी-उजवी कड टेबलाबाहेर निघून गेल्यासारखी अर्धवट तोडा. डोळा उरलेली गिरणी स्वतः बांधतो. या कामाला ओओची कार्डबोर्ड किटं उत्तम, एका किटच्या चार भिंती एका रेषेत लावल्या की झालं.

पुढे जी जागा वाचली तिथे कारखान्याचं पोट मांडा. बहुतेक टेबलांवर चुकतं ते इथेच : एक भव्य इमारत, आणि भोवती रिकामं मैदान. खऱ्या गिरणीत कोळशाचं आवार असतं, त्याला चिकटून बॉयलर घर, बॉयलर घराच्या कुशीत धुराडं. धुराडं कुठेही उगवत नाही, ते बॉयलरपाशीच असतं. शेजारी उंच कमानी खिडक्यांचं इंजिनघर, कारण आतलं चाक दोन मजल्यांचं. कालवा किंवा नदी जवळ, कारण कोळसा होडीने येतो आणि इंजिनाला पाणी लागतं. मग फाटक, फाटकावर घड्याळ. घड्याळ ही शोभेची वस्तू नव्हती. उशिरा आलेल्याला बाहेर ठेवायचं आणि मजुरी कापायची ती त्यावर बघून. हे सगळे छोटे तुकडे सुटे ठेवा, दर खेळात जागा बदला. दोन तुकड्यांमधली बोळ ६० मि.मी.पेक्षा अरुंद नको, नाहीतर ३० च्या बेसवाल्या फिगर एकमेकींना ओलांडू शकत नाहीत.

करवतीच्या दात्यांसारखं छप्पर विणाईच्या शेडवर शोभतं, पण त्याच्या उतारावर फिगर घसरते. दोन दात्यांमधल्या पन्हाळीत बेसच्या रुंदीची फळी चिकटवा. छपरावरचा पाठलाग तिथून होईल.

आणि रंग : सॉल्टेअरचा दगड आज मधासारखा दिसतो तो धुतल्यावर. सॉल्टसाहेबाच्या नातवंडांच्या काळात तो काजळीने काळा झालेला होता. करड्या-काळ्याने सुरुवात करा, दगडाचा रंग फक्त छज्जाखाली, जिथे पावसाचं पाणी पोचत नाही... चुकलो, उलट. पाऊस जिथे धुतो तिथे दगड उजळ राहतो, छज्जाखाली काजळी साचते. माझ्या पहिल्या भिंतीवर मी नेमकं हेच उलटं केलं होतं. आज लिहितानाही हात तिकडेच गेला.

प्रश्न : एमडीएफ, कार्डबोर्ड, रेझिन की थ्रीडी प्रिंट? घर समुद्राजवळ आहे. (रत्नागिरी)

तुमच्याकडे पहिला शत्रू हवा. एका पावसाळ्यात माझ्या कार्डबोर्डच्या वखारीच्या भिंती अळूच्या पानासारख्या वळल्या, उरलं ते कसरीने खाल्लं. तेव्हा कार्डबोर्ड घेतलंत तर आतून प्रत्येक कोपऱ्यात लाकडी पट्टी द्या आणि आतून-बाहेरून वार्निश मारा. छापील किटला छत चिकटवण्याआधी आतली बाजू मारायची, नंतर हात जात नाही.

लेझरने कापलेलं तीन मि.मी. एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) खेळासाठी मला सगळ्यांत आवडतं. मजले सुटे निघतात, आत फिगर ठेवता येतात, आणि टेबलावरून पडलं तरी फेव्हिकॉलने परत जुळतं. त्याच्या कापलेल्या कडा पाणी पितात, तेवढ्या आधी प्रायमरने बंद करा. वाळवीचं कपाट असेल तर मात्र एमडीएफ म्हणजे तिला पाठवलेलं पक्वान्न.

रेझिन (साच्यात ओतलेलं कडक प्लास्टिक) दिसायला सुंदर आणि वजनाने दगड. बहुतेक तुकडे भरीव, म्हणजे आत जाता येत नाही. धुराडं, बॉयलर, भिंतीचे पडके भाग यांना ठीक. थ्रीडी प्रिंटमध्ये अख्खी इमारत काढू नका. दारं, खिडक्या, कप्पी, पाइप एवढंच काढा आणि सांगाडा सनबोर्डचा करा. सनबोर्ड म्हणजे हलका प्लास्टिक फोमचा बोर्ड, तो पावसाळ्यात फुगत नाही. आर्किटेक्चरची मुलं जिथून सामान घेतात त्या दुकानात तो मिळतो.

प्रश्न : जागा दोन फूट बाय दोन फूट. एकच इमारत ठेवता येईल. कोणती? (डोंबिवली)

बाटलीच्या आकाराची भट्टी. स्टोक-ऑन-ट्रेंटला चिनी मातीची भांडी ज्यात भाजत त्या भट्ट्या एकेकाळी दोन हजारांच्या घरात होत्या, आज पन्नासही उरल्या नाहीत. ७० फुटांपर्यंतची उंची, म्हणजे तुमच्या टेबलावर ३७-३८ सेंमी.; पाया मात्र छोटा. आत जाता येतं, कारण बाहेरची बाटली म्हणजे नुसतं धुराचं कवच, खरी भट्टी तिच्या पोटात. मधल्या जागेत दोन फिगर समोरासमोर आल्या की कुणालाच मागे सरता येत नाही.

प्रश्न : इंग्लंडच का? माझे पणजोबा गिरणीत होते. १८९० च्या सुमाराचं गिरणगाव करायचंय, पण मुंबईच्या गिरणीचं किट कुठेच दिसत नाही. (लालबाग)

किटची फारशी गरज नाही. कावसजी नानाभाई दावरांनी १८५४ मध्ये ताडदेवला पहिली गिरणी काढली तेव्हापासून यंत्रं लँकेशायरहून येत. ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सचे साचे (यंत्रं) मुंबईत ओळखीचे होते. यंत्राच्या मापावरून खांबांचं अंतर ठरतं, खांबांवरून खिडक्या. म्हणून लँकेशायरची गिरणी उचलून परळला ठेवली तर सांगाडा बऱ्यापैकी जुळतो. नागपूरच्या गिरणीला तर टाटांनी राणीवरूनच एम्प्रेस नाव दिलं, ती १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली.

बदलायचं ते कातडं. स्लेटचं छप्पर काढा, मंगलोरी कौलं आणि पन्हळी पत्रे घाला. बासेल मिशनचा कौलांचा कारखाना १८६५ पासूनचा आहे. खालचा मजला काळ्या दगडाचा, वर वीट. कडेने व्हरांडा. काजळीचा काळा रंग नको, पावसाळ्यात भिंतीवर येणारी हिरवट शेवाळ हवी. कालव्याऐवजी तलाव : गिरण्या पाणी साठवायला आवारात तळं खोदत. आवाराची भिंत उंच, फाटक एकच, बाहेर चहाची टपरी नको (ती पुढच्या शतकातली), पानवाला आणि खानावळ चालेल. कौलारू चाळ भिंतीला पाठ लावून बसवा, चाळीची दारं तेवढी पूर्ण मापाची.

तारखेकडे मात्र नीट लक्ष द्या. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे गिरणीकामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती १० जून १८९० पासून. त्यानंतरचा रविवार मांडणार असाल तर धुराड्याला कापसाचा धूर चिकटवू नका.