मुंबई–न्यूयॉर्क: जाताना 16 तास, येताना साडेचौदा, असं का?

तुमचे आई-बाबा ठाण्याच्या पाचपाखाडीतून पहिल्यांदाच न्यूयॉर्कला निघालेत. अंतर साडेबारा हजार किलोमीटर, विमानाचा वेग ताशी 900, म्हणजे 14 तास लागायला हवेत. मग तिकिटावर जाताना 16 आणि येताना साडेचौदा कसे, असं तुम्ही विचारलंय. तिकीट बरोबर आहे.

तुमचं अंतरही बरोबर आहे, पण ती पृथ्वीगोलावर ताणून धरलेल्या दोऱ्याची लांबी. घरी गोल असेल तर खरंच दोरा लावून बघा, तो वर चढत थेट आइसलँडवरून जातो. विमानाला ही वाट जशीच्या तशी मिळत नाही. 2019 मध्ये काही महिने पाकिस्तानची हवाई हद्द बंद होती, एप्रिल 2025 मध्ये ती भारतीय विमानांना पुन्हा बंद झाली. वळसा पडला की वेळ वाढतो. शिवाय तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पलीकडे जागेवर लागेपर्यंतची असते.

जाण्या-येण्यातला फरक वाऱ्याचा. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. सरासरी ताशी 50 किमी धरा: जाताना 900 चे 850 होतात, येताना 950. एवढ्यानेच दीड तासाचा फरक पडतो. पृथ्वी फिरते म्हणून असं होतं, असं बरेच जण सांगतात, ते चूक आहे. हवाही पृथ्वीबरोबरच फिरते.

आता घड्याळ. तिकिटावर सुटण्याची आणि पोहोचण्याची वेळ त्या त्या गावची असते. समजा, मुंबईहून रात्री दीडला विमान सुटलं. 16 तासांनी आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतील, पण हिवाळ्यात न्यूयॉर्क साडेदहा तास मागे, म्हणून तिथे सकाळचे सात. वजाबाकी केलीत तर प्रवास साडेपाच तासांचाच वाटेल! मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत हा फरक साडेनऊ तासांचा असतो. बाबांची गोळी ठरावीक तासांनी असेल तर डॉक्टरांना विचारून वेळा आधीच कागदावर लिहून द्या. प्रवासात त्यांचं एक घड्याळ भारताच्या वेळेवरच राहू द्या.

आणि हे नीट बघा: 15 तारखेला रात्री दीडचं विमान म्हणजे 14 तारखेला रात्रीच घरून निघायचं. माझ्या मेव्हण्यांनी 15 ची रात्र धरली आणि विमान आदल्या रात्रीच गेलं. घरात जेवणं चालू असताना मुलाचा तिकडून फोन आला, "बाबा, तुम्ही कुठे आहात?" ताईचा तेव्हाचा चेहरा मी विसरलेलो नाही.

पाचपाखाडी ते सहार, म्हणजे मुंबईचं आंतरराष्ट्रीय विमानतळ, वीस-बावीस किलोमीटरच, पण वाटेतल्या साकीनाक्याच्या वाहतुकीच्या भरवशावर राहू नका. दीडच्या विमानासाठी मी माझ्या आई-वडिलांना रात्री साडेआठला घरातून काढलं होतं. जेवण सातलाच उरकून घेतलं होतं.