जुन्या जीपला पॉवर स्टिअरिंग आणि एसी: बाजारातलं किट की कंपनीचाच सेट?

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: दिंडोरीकडच्या बागेवर चालणारी जुनी महिंद्रा जीप, २५२३ सीसीचं डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) डिझेल इंजिन, स्टिअरिंग जड, उन्हाळ्यात आत बसवत नाही. पॉवर स्टिअरिंग आणि एसी दोन्ही बसवायचंय. एक मिस्त्री म्हणतो ब्रॅकेट-पुलीचं तयार किट टाका, दोन दिवसांत गाडी देतो. दुसरा म्हणतो मोडीत निघालेल्या बोलेरोच्या इंजिनाचा पुढचा सगळा सेट काढून आणा. कोणाचं ऐकावं?

दुसऱ्याचं ऐका. वीस वर्षं नाशिकच्या अंबडला गॅरेज चालवतोय, दोन्ही प्रकार माझ्या हातून झालेत, म्हणून सांगतो. ब्रॅकेट (पंप, कॉम्प्रेसर इंजिनाला धरून ठेवणारा आधार), पुल्या आणि त्यांची जागा कंपनीचीच घ्या. बेल्ट, बेअरिंग, टेन्शनर (बेल्टला ताण देणारा भाग) मात्र बाहेरच्या चांगल्या कंपनीचे नवे घेतले तरी चालतील. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात: बेल्ट कंपनीच्या डब्यातला हवा म्हणून अडून बसतात आणि ब्रॅकेट कुठूनतरी वेल्डिंग मारून आणतात.

एक प्रसंग सांगतो. एका द्राक्ष बागायतदाराच्या जीपला आम्ही एसी बसवला. कॉम्प्रेसरचा ब्रॅकेट बाहेरून बनवून घेतलेला, ६ मिलिमीटरची प्लेट कापून, वाकवून, वेल्ड करून. दिसायला एकदम दणकट. फिटिंग मीच केलं होतं. चार महिने तक्रार नाही. मे महिन्यात ते मुंबईहून परत येत होते, कसारा घाट, एसी चालू, गाडीत पाच माणसं. अर्ध्या घाटात खट् आवाज झाला आणि कॉम्प्रेसरचा बेल्ट उडाला. नुसता उडाला असता तर एसीवरच भागलं असतं. तो जाता जाता फॅनच्या बेल्टमध्ये अडकला आणि त्यालाही घेऊन गेला. फॅन बेल्ट गेला म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी फिरवणारा वॉटर पंप बंद, आणि भर उन्हात चढावर पंप बंद म्हणजे हेड गॅस्केटची (इंजिनाचं हेड आणि खालचा ब्लॉक यांमधल्या पॅकिंगची) वाट लागायला फार वेळ लागत नाही. तापमानाच्या काट्याकडे त्यांचं लक्ष होतं, लगेच गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद केलं, म्हणून हेड वाचलं. गाडी टो करून आणावी लागली.

गॅरेजला ब्रॅकेट उतरवून पाहिला. वेल्डिंगच्या कडेला चीर गेलेली. तिचा बराचसा भाग आतून गंजून तांबूस झालेला आणि टोकाचा बोटभर तुकडा तेवढा नव्या लोखंडासारखा चमकत होता. म्हणजे चीर घाटात पडलीच नव्हती. ती कित्येक आठवडे रोज थोडी थोडी वाढत होती, घाटात फक्त उरलेलं तुटलं. त्या दिवसापासून इंजिनाच्या तोंडावर वेल्ड केलेला ब्रॅकेट मी लावत नाही.

असं का होतं तेही समजून घ्या, म्हणजे कोणी “जाड प्लेट टाकतो, काही होत नाही” म्हणालं तर उत्तर देता येईल. चार सिलिंडरच्या डिझेलची थरथर सतत असते. त्यात कॉम्प्रेसरचा क्लच दर थोड्या वेळाने लागतो आणि सुटतो, दर वेळी ब्रॅकेटला झटका बसतो. कॉम्प्रेसर पूर्ण जोरात असला की सहज तीन-चार हॉर्सपॉवर ओढतो, आणि तुमचं इंजिन सगळं मिळून ६३ हॉर्सपॉवरचं. वेल्डच्या कडेचं लोखंड तापून निवलेलं असतं, ताण तिथेच साठतो आणि चीर तिथूनच सुरू होते. प्लेट जाड केली तरी ती कड तशीच राहते. शिवाय वेल्डिंगच्या उष्णतेने प्लेट ओढली जाते. टेबलावर सरळ दिसणारा ब्रॅकेट इंजिनवर बोल्ट केला की पुली दोन-तीन मिलिमीटर आत नाहीतर बाहेर येते. कंपनीचा ब्रॅकेट बहुधा बिडाचा ओतीव असतो आणि ब्लॉकवर टेकणारी बाजू मशिनवर घेतलेली असते. म्हणून पुली जिथे हवी तिथेच बसते.

ही जागा किती नेमकी लागते? साधारण हिशेब असा, की दोन पुल्यांमध्ये फूटभर अंतर असेल तर दीड मिलिमीटरपर्यंतचा फरक चालतो, त्यापुढे नाही. तपासायला महागडं यंत्र लागत नाही. स्टीलची सरळ पट्टी क्रँक पुलीच्या (इंजिनाची मुख्य पुली, जी बाकीच्यांना फिरवते) तोंडावर आडवी धरा, तिचं दुसरं टोक स्टिअरिंग पंपाच्या पुलीवर टेकवा आणि मागून टॉर्च मारा. दोन्ही पुल्यांची कड सारखी असेल तर पट्टी चारही ठिकाणी टेकते. एका ठिकाणी उजेड दिसला तर तिथे फट आहे. कडांची जाडी वेगवेगळी असेल तर मात्र कडेवरून न मोजता खाचेच्या मध्यावरून मोजायचं. मिस्त्रीसमोर उभं राहून हे करून घ्या.

आता किटमधली दुसरी गोम, जी कोणी सांगत नाही: पुल्यांचे आकार. बाजारातली बरीच किटं “सगळ्या इंजिनांना चालतं” म्हणून विकली जातात. तुमचं इंजिन जास्तीत जास्त ३२०० आरपीएमला ताकद देतं, पेट्रोल इंजिन ६००० ला जातं. पुली जोरात फिरणाऱ्या इंजिनाच्या हिशेबाने मोठी दिली असेल तर तुमच्याकडे सगळंच मंद फिरणार. समजा क्रँक पुली १५० मिलिमीटरची आणि स्टिअरिंग पंपाचीही १५० ची. गाडी ८०० आरपीएमवर उभी असताना पंपही ८०० नेच फिरेल. पंपाची पुली १२० ची असेल तर तो १००० ने फिरेल. कागदावर फरक लहान वाटतो, पण पंप किती तेल ढकलतो ते त्याच्या फिरण्याच्या वेगावर अवलंबून असतं आणि स्टिअरिंग सगळ्यात जड लागतं ते गाडी उभी असताना. बागेत ओळीच्या टोकाला जीप वळवताना तुम्हाला नेमकं तिथेच पॉवर हवं. ऑल्टरनेटरचंही तसंच, एसीचा ब्लोअर आणि कंडेन्सरचा पंखा लागल्यावर आयडलला चार्जिंग पुरलं पाहिजे. याच कुळातल्या इंजिनावर कंपनीने एसी आणि पॉवर स्टिअरिंगच्या बोलेरो विकल्यात. हे गणित त्यांनी करून ठेवलेलं आहे, ते फुकटात मिळतंय तर घ्या.

सेट आणायचा म्हणजे काय काय आणायचं, हे नीट बघा. क्रँक पुली, वॉटर पंपाची पुली, ऑल्टरनेटरचा ब्रॅकेट आणि ताण देणारी पट्टी, स्टिअरिंग पंप त्याच्या ब्रॅकेटसकट, कॉम्प्रेसरचा ब्रॅकेट, आयडलर (बेल्टला वाट देणारी मोकळी पुली) असेल तर तो, आणि सगळे मूळ बोल्ट आणि स्पेसर. स्पेसर विसरू नका. तो बोटाएवढा तुकडा नसला की लोक वॉशर टाकून भागवतात आणि सगळी लाइन बिघडते. सेट एकाच गाडीचा हवा. एकाची क्रँक पुली आणि दुसऱ्याचा पंप असं जमवलंत तर तुम्ही परत किटच बनवलंत.

भंगार बाजारात जायच्या आधी घरी एक काम करा. जाड पुठ्ठा घ्या, इंजिनाच्या ज्या बाजूला कॉम्प्रेसर येणार तिथल्या बोल्टच्या भोकांवर दाबून धरा, भोकांचे ठसे उठतील तिथे कापा. तो पुठ्ठा बरोबर न्या आणि समोरच्या ब्रॅकेटवर ठेवून बघा. मोबाइलच्या फोटोवर विसंबू नका, वेगवेगळ्या सालच्या ब्लॉकमध्ये भोकांचा फरक निघतो. पुठ्ठा जुळला तर पैसे द्या. पुल्या हातात घेऊन खाचा बघा: खाचेची बाजू आरशासारखी चकाकत असेल किंवा मध्ये खोलगट झाली असेल तर ती पुली नको, नवा बेल्टही त्यात घसरणार. क्रँक पुलीत बाहेरची रिंग आणि आतला गाभा यांच्यामध्ये रबर दिसलं तर ते नीट तपासा. ते क्रँकची थरथर शोषायला असतं. रबर फुगलेलं किंवा भेगाळलेलं असेल तर पुली नवीन घ्या, ती कंपनीचीच. तिच्या जागी हलकी अ‍ॅल्युमिनियमची घन पुली लावून “पिकअप वाढतो” म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका.

दुसऱ्याच एखाद्या आधुनिक इंजिनाचा पसरट, रिबवाल्या बेल्टचा सेट घ्यायचा मोह झाला तर एक धोका आहे. त्यात काही ठिकाणी वॉटर पंप बेल्टच्या पाठीवर फिरतो, म्हणजे उलट्या दिशेने. तुमचा पंप आणि पंखा त्या दिशेसाठी बनलेले नाहीत. गाडी सुरू होईल, बेल्ट छान फिरेल आणि इंजिन तापत राहील.

बेल्ट मात्र बिनधास्त बाहेरचा घ्या. गेट्स, कॉन्टिटेक, फेनर, बँडो यांपैकी कुठलाही चालेल, मात्र बिलावर आणि ओळखीच्या दुकानातून, कारण नकली माल या नावांनीच येतो. माप जुन्या बेल्टवर छापलेलं असतं. ६पीके १७५० असं असेल तर सहा रिब आणि १७५० मिलिमीटर लांबी. व्ही बेल्टला (एकाच खाचेत बसणारा, खाली निमुळता बेल्ट) वरची रुंदी आणि लांबी असते. बेल्ट खाचेच्या तळाला टेकत असेल तर तो चुकीचा आहे, व्ही बेल्टने कडांवर पकडायचं असतं.

आणि समजा पुठ्ठा जुळलाच नाही, कॉम्प्रेसरला जागाच मिळत नाही, तर? तर आपण नाशकात आहोत याचा फायदा घ्या. सातपूर-अंबडला मशीन शॉपची कमी नाही. वेल्ड न करता एका जाड ठोकळ्यातून ब्रॅकेट मिलिंग करून घ्या, ब्लॉकला निदान तीन बोल्टनी धरेल असा. खर्च किटपेक्षा जास्त येतो, पण असा एक ब्रॅकेट मी लावलाय, गाडी इगतपुरीच्या पावसात आणि वणीच्या घाटात चालते आणि अजून उघडावी लागलेली नाही.

माझं ऐकाल तर आधी फक्त पॉवर स्टिअरिंग करा, महिनाभर चालवा, मग एसी. दोन्ही एकदम केलं आणि आवाज आला तर चूक कुठे आहे ते शोधण्यात दिवस जातो. आवाज आलाच तर चालू इंजिनावर, हात लांब ठेवून, बेल्टच्या आतल्या बाजूला थोडं पाणी उडवा. चिवचिव क्षणभर थांबून परत आली तर पुल्यांची लाइन चुकली आहे. किरकिर उलट वाढली तर ताण कमी आहे. एक राहिलं: इंजिन बदलायचा विचार मनात असेल तर आधी आरटीओत परवानगीचं विचारा, कायद्याने ती लागते.

नवा व्ही बेल्ट पहिल्या काही दिवसांत सैल पडतो. लावल्यावर पंधरा-वीस मिनिटं इंजिन चालवून, थंड झाल्यावर ताण परत बघा, आणि नंतर ५०० किलोमीटरला एकदा. तेव्हा ब्रॅकेटचे बोल्टही पान्याने तपासून घ्या.