मोठ्या आतड्याचा कर्करोग: नवं संशोधन आपल्या फाइलला लागू पडतं का?

कळव्याहून एका वाचकाचा प्रश्न: आईला गुदाशयाचा कर्करोग आहे, वय ५८. सोमवारपासून रेडिएशन सुरू होणार आहे. सहा महिने इंजेक्शनं घेतली की ऑपरेशनशिवाय गाठ नाहीशी होते, असा व्हिडिओ मामांनी पाठवलाय. खरं आहे का?

खरं आहे, पण थोड्याच रुग्णांसाठी. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग संस्थेने २०२२ मध्ये डॉस्टारलिमॅब या औषधाचा अभ्यास प्रसिद्ध केला. ५०० मिलिग्रॅमची सलाइन, दर तीन आठवड्यांनी, एकूण ९ वेळा. पहिल्या १२ रुग्णांपैकी १२ जणांची गाठ दिसेनाशी झाली. २०२५ पर्यंत गुदाशयाच्या ४९ रुग्णांनी उपचार पूर्ण केले होते आणि सगळ्यांचा निकाल तोच होता.

व्हिडिओत सहसा न सांगितली जाणारी गोष्ट अशी की या सगळ्यांच्या गाठीत 'एमएमआर' यंत्रणा बंद पडलेली होती. पेशी दुभंगताना डीएनएची नक्कल होते, तेव्हा राहिलेल्या चुका ही यंत्रणा दुरुस्त करते. ती बंद पडली की चुका साचतात आणि पेशी शरीराला परकी दिसू लागते. मग प्रतिकारशक्तीवरचा ब्रेक औषधाने काढला की ती गाठीवर तुटून पडते. गुदाशयाच्या कर्करोगात असे रुग्ण शंभरात पाच-दहाच असतात. उरलेल्यांना हे औषध सहसा लागू पडत नाही, त्यासाठी दागिने मोडू नका.

तेव्हा सोमवारच्या आत एकच काम करा: फाइलमध्ये एमएमआरचा रिपोर्ट आहे का ते पाहा. त्यात एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६ आणि पीएमएस२ अशी चार प्रथिनं लिहिलेली असतात. चारही 'रिटेन्ड' किंवा 'इंटॅक्ट' असतील तर यंत्रणा शाबूत आहे. एखाद्यासमोर 'लॉस' असेल तर रेडिएशनआधी डॉक्टरांशी इम्युनोथेरपीबद्दल (प्रतिकारशक्तीवरचा ब्रेक काढणाऱ्या औषधांबद्दल) बोला, आणि भावंडा-मुलांच्या जनुकीय तपासणीचंही विचारा, कारण दोष आनुवंशिक असू शकतो. रिपोर्टच नसेल तर ही तपासणी करून घेण्यासाठी बायोप्सीचा मेणाचा ब्लॉक (मेणात जपून ठेवलेला गाठीचा तुकडा) लॅबमधून मागून घ्या. ब्लॉक पेशंटला मिळतो. सेकंड ओपिनियनसाठी परळला किंवा खारघरला टाटाच्या रुग्णालयात जाणार असाल तर नुसती कागदाची फाइल नको, ब्लॉक आणि स्लाइडही बरोबर न्या.

ही तपासणी चुकूही शकते. तुकडा फॉर्मॅलिनमध्ये (तो टिकवण्याच्या द्रवात) नीट मुरला नसेल तर तपासणीचा रंग प्रथिनांवर चढत नाही आणि 'लॉस' असल्याचा भास होतो. म्हणून त्याच तुकड्यातल्या निरोगी पेशींनी रंग घेतलाय का, हे पॅथॉलॉजिस्ट पाहतात. रेडिएशननंतरच्या तुकड्यात एमएसएच६ कधी कधी खोटं गायब दिसतं, म्हणून पहिल्या बायोप्सीवरचा रिपोर्ट जास्त भरवशाचा.

'कमी डोसची स्वस्त इम्युनोथेरपी' हेही बरेच जण विचारतात. त्यामागचा टाटा मेमोरियलचा २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब या औषधाचा अभ्यास डोक्या-मानेच्या कर्करोगाचा होता. तो इथे जसाच्या तसा लावता येत नाही.

ऐरोली: एमएमआर शाबूत असेल, तर मग पोटावर शौचाची कायमची पिशवी ठरलेलीच का?

नाही. आधी रेडिएशन आणि किमो, त्यानंतर ऑपरेशन थांबवून नुसती नजर ठेवायची, ही पद्धत अमेरिकेतल्या 'ओप्रा' अभ्यासात तपासली गेली. रेडिएशननंतर किमो दिलेल्या गटात निम्म्याहून थोड्या जास्त रुग्णांचा गुदाशय तीन वर्षांनंतरही शाबूत होता. अट फक्त नेमाने येण्याची. पहिली दोन वर्षं दर चार महिन्यांनी बोटाने तपासणी आणि स्कोपी, दर सहा महिन्यांनी एमआरआय. गाठ परत येते ती बहुतेक याच दोन वर्षांत. ज्यांना तारखा पाळणं जमणार नाही, त्यांनी ऑपरेशनच करून घ्यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

वाशी: बाबांचं तिसऱ्या स्टेजचं ऑपरेशन झालं. कॅपॉक्स किमो (ऑक्सॅलिप्लॅटिनची सलाइन आणि कॅपेसिटाबिनच्या गोळ्या) सुरू आहे. डॉक्टर तीन महिने म्हणतात, शेजारच्या काकांना सहा महिने दिली होती. कमी तर पडणार नाही ना? बोटांना मुंग्याही येतात.

ऑपरेशनच्या रिपोर्टमधले 'टी' (गाठ किती खोल गेली) आणि 'एन' (रोग किती लिम्फ नोडमध्ये पोचला) हे आकडे बघा. टी१ ते टी३ आणि एन१, म्हणजे एक ते तीन गाठींमध्येच (लिम्फ नोडमध्ये) कर्करोग, असं असेल तर कॅपॉक्सचे तीन महिने म्हणजे चार सायकल सहसा पुरतात. टी४ किंवा एन२ असेल तर सहसा सहा महिने. हे २०१८ च्या 'आयडिया' अभ्यासातून ठरलं, त्यात १२ हजारांहून जास्त रुग्ण होते. कॅपॉक्स सहा महिने घेणाऱ्यांत साधारण ४५ टक्क्यांना त्रासदायक बधिरता आली, तीन महिने घेणाऱ्यांत १४ टक्क्यांना. काकांच्या रिपोर्टमधले आकडे वेगळे असतील.

गार वस्तूला हात लावताच येणाऱ्या मुंग्या ऑक्सॅलिप्लॅटिनमुळे येतात आणि काही दिवसांत ओसरतात. सलाइननंतर आठवडाभर फ्रिजचं पाणी, आइस्क्रीम टाळा, एसी लोकलमध्ये लोखंडी दांडा धरायचा तर हातमोजे घाला. पण पुढच्या सायकलपर्यंत मुंग्या टिकल्या, शर्टाची बटणं लावता येईनाशी झाली, तर सलाइन लावण्याआधीच सांगा. 'होईल सहन' म्हणून गप्प राहणाऱ्यांचं नुकसान होतं, कारण किमो थांबल्यावरही बधिरता दोन-तीन महिने वाढत जाते.

कॅपेसिटाबिनच्या गोळ्या जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत, १४ दिवस, मग ७ दिवस सुट्टी. तळहात लाल होऊन सोलतात, त्यावर दिल्लीच्या एम्सचा छान अभ्यास आहे: डायक्लोफेनॅक १ टक्का जेल दिवसातून दोनदा हातांना लावल्यावर हा त्रास १५ वरून ४ टक्क्यांच्या आसपास आला. कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळतं. चिरा किंवा जखम असेल तिथे मात्र लावू नका. दिवसात नेहमीपेक्षा चार किंवा जास्त वेळा जुलाब झाले, तर गोळ्या थांबवून लगेच फोन करा. पहिल्याच सायकलमध्ये जुलाब आणि तोंड येणं फार जोरात असेल तर हे औषध शरीरात मोडायला लागणाऱ्या डीपीवायडी जनुकाचा दोष असू शकतो. तेव्हा ठरलेला डोस पुढे रेटणं जिवावर बेतू शकतं.

घोडबंदर रोड: अ‍ॅस्पिरिनने कर्करोग परत येत नाही, असं वाचलं. घरात ७५ मिलिग्रॅमच्या गोळ्या आहेतच. सुरू करू?

स्वतःहून नको. २०२५ मध्ये स्कँडिनेव्हियातला 'अलास्का' अभ्यास आला: १६० मिलिग्रॅम रोज, तीन वर्षं. पुन्हा रोग येण्याचं प्रमाण साधारण निम्म्यावर आलं, पण गाठीतल्या पीआयके३सीए या जनुकात किंवा त्याच वाटेवरच्या जनुकांत बदल असलेल्या रुग्णांतच. तपासलेल्यांपैकी ३७ टक्क्यांत असा बदल सापडला. निवड न करता सगळ्यांना अ‍ॅस्पिरिन देणाऱ्या दुसऱ्या अभ्यासात ठोस फायदा दिसला नाही. आधी गाठीची जनुक-तपासणी, मग अल्सर, रक्तस्राव, रक्त पातळ करणारी इतर औषधं यांचा हिशोब.

खारघर: किमो संपून दोन महिने झाले. चालायला जाऊ का, की आराम करू?

चाला. 'चॅलेंज' अभ्यासात ८८९ रुग्ण होते. प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली तीन वर्षं व्यायाम केलेल्यांत ८ वर्षांनी ९० टक्के हयात होते, नुसती माहितीपुस्तिका मिळालेल्यांत ८३ टक्के. एवढा फरक गोळीने पडला असता तर तिच्या जाहिराती लागल्या असत्या! सध्या जेवढं चालता त्यात भर म्हणून आठवड्यातून तीन-चार वेळा, ४५ मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा वेगाने. सेंट्रल पार्कच्या सपाट वाटेवर १५ मिनिटांपासून सुरू करा, दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. पावसाळ्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये फेऱ्या मारा. पाय बधिर असतील तर चप्पल नको, बंद बूट घाला. पोटावर पिशवी असेल तर वजनं उचलण्याआधी सर्जनला विचारा, तिथे हर्निया होतो.