रक्तात ठणठणीत, डासात शून्य: आधी खोलीचं तापमान सांगा

तुमची पोस्ट दोनदा वाचली. बर्घेई या उंदराच्या मलेरिया परजीवीतला किनेसिनचा (पेशीतल्या सूक्ष्म नळ्यांवरून चालणाऱ्या ‘मोटार’ प्रथिनाचा) जीन काढलात, उंदरात परजीवी झकास वाढतोय, डासाच्या मिडगटमध्ये (आतड्यात) मात्र एकही ऊसिस्ट (परजीवीची तिथे वाढणारी गाठ) नाही, आणि गाइड म्हणतात, ‘फेनोटाइप मिळाला, लिहायला घ्या,’ म्हणजे जीन काढल्याचा परिणाम सापडला. वाइल्ड टाइपचं, म्हणजे जीन शाबूत असलेल्या परजीवीचं, काय झालं ते तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. डास ‘नेहमीच्या खोलीत’ होते एवढंच ओझरतं म्हटलंय. तिथेच कान टवकारले.

आमच्याकडे थेट हेच घडलं होतं. २० अंशांच्या वेगळ्या इन्क्युबेटरसाठी केलेली मागणी संस्थेच्या खरेदी विभागाने परत पाठवली. शेरा: ‘डासांसाठी इन्क्युबेटर उपलब्ध आहे.’ होता की! २७ अंशांवर, फॅल्सिपॅरम या माणसाच्या मलेरिया परजीवीवर काम करणाऱ्यांचा. बर्घेई हा काँगोतल्या कटांगा भागातल्या रानउंदरांचा परजीवी, डासात तो १९ ते २१ अंशांतच नीट वाढतो. स्टीफेन्सी डास २७ अंशांत मजेत असतो, आपल्या शहरांतल्या गच्चीवरच्या टाक्यांत वाढणारा तो, त्याला काय होतंय? मार खातो तो परजीवी, आणि तोही ऊकिनीट (मिडगटच्या भिंतीत शिरणारं सरकतं रूप) व्हायच्या टप्प्यावरच. मग नॉकआउट (जीन काढलेला) शून्य, वाइल्ड टाइपही शून्य. हे लेखी दिलं, तर उत्तर आलं की तापमानाबाबत ‘तांत्रिक समिती’चं मत घ्या. त्या समितीत परजीवींवर काम करणारं कुणी नव्हतं. पीएचडीचा मोठा तुकडा त्या फाइलने खाल्ला. असो.

तर वाइल्ड टाइपला ऊसिस्ट आले नसतील तर तुमच्या शून्याला काही अर्थ नाही. आले असतील, तर मात्र हाती घबाड आहे. बर्घेईच्या नऊ किनेसिनांपैकी १३ क्रमांकाचं सोडलं तर बाकी आठ रक्तात नसले तरी परजीवीचं अडत नाही, हे २०२२ मध्ये नॉटिंगहॅमच्या रीटा तिवारींच्या गटाने दाखवलंय. त्यामुळे ‘रक्तात फरक नाही’ याने खट्टू होऊ नका. पण ‘डासात अडतं’ एवढंही पुरेसं नाही, कुठे अडतं ते हवं.

त्यासाठी डास लागतच नाही. शेपटीतून रक्ताचा थेंब घ्या, झँथुरेनिक अॅसिड (डासातलं, परजीवीला जागं करणारं रसायन) घातलेल्या, पीएच ८ च्या आसपासच्या माध्यमात सोडा, कव्हरस्लिप ठेवा आणि ४० च्या लेन्सखाली बसा. दहा-बारा मिनिटांत तांबड्या पेशींचा एखादा घोळका आपोआप थरथरायला लागतो, मधून नर गॅमेटच्या (नर बीजपेशींच्या) शेपट्या फटकारत असतात. एका नर गॅमेटोसाइटपासून (गॅमेट बनवणाऱ्या पेशीपासून) आठ. किनेसिन-८बी नसेल तर डीएनए ठरल्यासारखा आठपट होतो, पण अॅक्झोनीमच (शेपटीचा कणा) बनत नाही. थरथर नाही, सगळं ढिम्म. थरथर दिसली तर पुढे ऊकिनीटचा आकार बघा, किनेसिन-२० काढलं की तो बिघडतो. किनेसिन-८एक्सचा घोळ ऊसिस्टमध्ये, आणि किनेसिन-५ चा स्पोरोझोआइटच्या (डासातून पुढे लागण करणाऱ्या रूपाच्या) संख्येत, ते कमी होतात पण उंदराला लागण करतात. ऊकिनीट सरकतच नसेल तर मायोसिन-ए या दुसऱ्या मोटार प्रथिनाच्या वाटेने विचार करा, तो अॅक्टिनच्या धाग्यांवरचा कारभार वेगळा.

नराचा दोष आहे असं वाटलं तर नेक४ हा जीन काढलेल्या परजीवीशी क्रॉस (संकर) लावा. त्यात मादी निकामी असते, नर चांगला. ऊसिस्ट परत आले की प्रश्न मिटला, दोष तुमच्या नरातच.

आणि हो, तो थेंब माध्यमात पडेपर्यंत गार होऊ देऊ नका. गार झालेल्या रक्तातले गॅमेटोसाइट वाटेतच चेकाळून बसलेले असतात, मग तुम्ही रिकामी स्लाइड बघत राहता. तोच क्लोन (एकाच परजीवीपासून वाढवलेला वंश) उंदरातून उंदरात फार काळ फिरवत असाल तर गॅमेटोसाइट बनवणंच सोडून देतो, गोठवलेली जुनी व्हायल काढा.

हे सगळं बर्घेईपुरतं, फॅल्सिपॅरमला जसंच्या तसं लावू नका. माझी माहिती बेंचवरची, बायोसेफ्टीवाल्यांना काय चालतं ते तुमचं तुम्ही विचारा. वाइल्ड टाइपचे आकडे आणि खोलीच्या थर्मामीटरवरचा आकडा टाका, मग पुढचं बोलू. दारावरच्या पाटीवरचा आकडा नको.