एम्ब्रॉयडरी मशीनच्या एकाच हेडवर (सुयांच्या एका संचावर) दोरा सारखा तुटतो, मेकॅनिक हूक (वरचा दोरा पकडून खालच्या दोऱ्यात गुंतवणारा फिरता भाग) बदला म्हणतोय. बदलू का?

थांबा, आधी सुई बदला. डीबी के ५ प्रकारची, साध्या कापडाला ७५/११ साइझची. लांब खोबण तुमच्या बाजूला ठेवून पार वरपर्यंत ढकलून बसवा.

तरीही तुटला तर मशीन बंद करून निडल प्लेट (सुईखालची धातूची पट्टी) काढा आणि हूकच्या टोकावर नखाची कड फिरवा. अडकलं म्हणजे तिथे कुसळ आलंय. सुई मोडताना बऱ्याचदा हूकवरच आपटते, त्याचा हा प्रसाद. नखाला कळत नसेल तर कापसाचा बोळा फिरवा, तंतू अडकतात. बारीक कुसळ २००० नंबरच्या पॉलिश पेपरने निघतं. टोकच बोथट झालं असेल तर मात्र मेकॅनिकचं ऐका, आणि त्याच्याकडून टायमिंगही (सुई आणि हूकचा मेळ) लावून घ्या.

बॉबिन केस (खालच्या दोऱ्याची डबी) तिच्याच दोऱ्याला लटकवून हलका झटका द्या. इंच-दोन इंच खाली यायला हवी. सरसर घसरली तर दोरा दाबणाऱ्या पट्टीचा स्क्रू सैल आहे, पट्टीखाली कचरा आहे, नाहीतर पट्टीच झिजलीय. झिजली असेल तर नवी केस स्वस्त पडते, जुनीशी झटापट करू नका.

हूकला दर तीन-चार तासांनी एक थेंब मशीन ऑइल. खोबरेल घालणारे महाभाग पाहिलेत, थंडीत थिजतं ते!