गोव्यात गाड्यांची वर्दळ नसलेल्या कच्च्या रस्त्यांवरून, अभयारण्यातून सायकल चालवता येते का? त्यासाठी ग्रॅव्हल बाइकच (कच्च्या रस्त्यांसाठीची सायकल) घ्यावी लागते का?

येते. घ्यावी लागत नाही.

खरं तर इथेच थांबणार होतो. पण तुम्ही प्रश्नाखाली हॉलंडच्या होखे फेलुवे या राष्ट्रीय उद्यानाचं उदाहरण दिलंय, ते माळरान, त्या फुकटच्या पांढऱ्या सायकली, आणि पुढे लिहिलंय, ‘सांगे-केपेकडचे खाणींचे रस्ते म्हणे अगदी रिकामे असतात.’ त्या ‘म्हणे’साठी हे उत्तर.

ते रस्ते कधी रिकामे झाले ते मी तारखेनिशी सांगतो. १६ मार्च २०१८. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारीत ८८ लीज रद्द केल्या आणि त्या दिवसापासून खाणी बंद. २०१२ मध्ये एकदा बंद पडल्याच होत्या, मधे थोडी धुगधुगी आली होती. माझ्या थोरल्या भावाचे दोन टिपर खनिज वाहायचे, खाणीवरून सावर्ड्याच्या जेटीवर. एकाचे हप्ते फिटायचे होते. मी कुडचड्याला, दादा रिवणच्या बाजूला आमच्या जुन्या घरात.

२०१०-११ मध्ये गोव्यातून वर्षाला पाच कोटी टनांवर खनिज बाहेर गेलं. ते आमच्या दारावरून जायचं. टिपरला टिपर चिकटून. वहिनी सकाळी धुतलेले कपडे संध्याकाळी पुन्हा धुवायची. आंब्याची पानं लाल, कुत्रा लाल. सायकल फक्त पोदेर, म्हणजे दारोदार पाव विकणारा, चालवायचा, तीही रस्ता सोडून कडेकडेने, पावांवर प्लॅस्टिक घट्ट बांधून. मग एके दिवशी सगळं थांबलं आणि मी त्याच दिवाळीनंतर बावीस हजारांची साधी हायब्रिड सायकल घेतली. दादाचे टिपर अंगणात उभे आणि मी सायकलवर. कसं दिसलं असेल त्याला, हे तेव्हा सुचलं नाही.

डिसेंबरात मडगावचे सहा जण आले. मीच बोलावले होते. त्यातल्या एकाची कार्बनची ग्रॅव्हल बाइक होती, किंमत त्याने पहिल्या चढाच्या आत सांगून टाकली. रिवणहून उसगळीमळच्या कच्च्या फाट्याने कुशावतीच्या काठावर गेलो. तिथल्या जांभ्यावरची कातळशिल्पं, बैल, हरणं, ते चक्रव्यूहासारखं वर्तुळ, सगळ्यांनी पाहिली. १९९३ मध्ये ती जगाला कळली. गावातल्या गुराख्यांना आधीपासून ठाऊक होती. वाटेत सांडलेल्या खनिजाचे खडे होते. घट्ट जांभ्यावर ते खडे म्हणजे फरशीवर सांडलेले वाटाणे. कार्बनवाला दोनदा घसरला. मी नाही. (हे सांगायची गरज नव्हती, पण सांगतो.)

परतताना चहाला दादाकडे नेलं. या कार्बनवाल्याने सायकल दादाच्या टिपरच्या चाकाला टेकवली, चाकात गवत वाढलेलं, आणि फोटो काढत म्हणाला, ‘खाणी बंद झाल्या ते सायकलवाल्यांसाठी सोनंच झालं हो.’ दादा पाण्याचे पेले घेऊन मागेच उभा.

दादा काही बोलला नाही. पेले ठेवले, सायकल एका हाताने उचलून पाहिली.

‘किती किलो?’

‘नऊ.’

‘आणि पैसे?’

ऐकलं. मग म्हणाला, ‘एवढ्यात माझ्या गाडीचे सहाही टायर नवे येतात. स्टेपनीसकट.’

सगळे हसले, दादाही हसला. ते गेल्यावर मला विचारलं, ‘तू त्यांच्यातला का आमच्यातला?’ मी म्हटलं, ‘तुझ्याच पोराला त्या धुळीने दमा लागला होता, तेव्हा कुठे होते आमचे आणि त्यांचे?’ आठ महिने बोलणं बंद. तिकडे कार्बनवाल्यालाही मी फोनवर सुनावलं, की तू ज्या रस्त्याला सोनं म्हणतोस तो एका तालुक्याच्या पोटावर रिकामा झालाय. त्याचं म्हणणं, रस्ता रिकामा आहे ना, मग कारण कशाला विचारायचं? विचारायचं. खाण हवी असं मी आजही म्हणत नाही. पण दुसऱ्याच्या दारातून चाललात तर तो दारात का बसलाय एवढं तरी माहीत असावं.

असो. तुमचा प्रश्न. नेत्रावळीला जा. २११ चौरस किलोमीटरचं अभयारण्य, १९९९ मध्ये राष्ट्रपती राजवटीत म्हादईबरोबर जाहीर झालं. साळावली धरणाच्या बाजूने सकाळी लवकर निघा, गोपीनाथाच्या देवळाजवळच्या बुडबुड्यांच्या तळीशी थांबा, मग जंगल. आत गावं आहेत, त्यामुळे बस येते, स्कूटर येते. ‘एकही गाडी नाही’ हे हॉलंडातल्या सायकलवाटांवर. मुख्य रस्ता सोडून आतल्या वाटेला वळायचं तर वनखात्याला विचारूनच. संध्याकाळी उशीर करू नका, गवे रस्त्यावर येतात आणि गव्याला बेल वाजवून उपयोग नसतो.

मूरलँडच्या, म्हणजे युरोपातल्या उघड्या माळांच्या, सर्वांत जवळचं आपल्याकडे काही असेल तर सडा, जांभ्याचं उघडं पठार. पण तिकडे मूरलँडवर पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची, मऊ, पाणी धरून ठेवणारी माती असते. आपल्या सड्यावर पावसाने सिलिका धुऊन नेली, लोखंड आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं, त्याची ही कडक पापुद्र्यासारखी पाठ. माती बोटभर, तीही खळग्यांत. त्या बोटभर मातीत नायट्रोजन फारसा नाही म्हणून सीतेची आसवं आणि दवबिंदू ही इवली रोपं पावसाळ्यात किडे खाऊन जगतात. चाक त्यावरून गेलं की संपलं. पुढच्या जुलैत हाच कार्बनवाला सरळ सड्यावरून जाऊ म्हणाला, ‘परदेशात मूरलँडवर चालवतात.’ चालवतात, आखलेल्या वाटांवरून. इंग्लंडातही सायकलला ब्रिडलवे, म्हणजे घोड्यांची वाट, चालतो, पायवाट नाही. मी गेलो नाही. तो गेला, शेवाळलेल्या जांभ्यावर पन्नास पावलांत आडवा झाला, आणि खांदा धरून दादाच्याच पडवीत येऊन बसला. वहिनीने हळद लावली.

सायकलीचं म्हणाल तर टायर बघा, नाव नको. ३८ ते ४२ मिलिमीटर, सत्तर किलोच्या माणसाने ३५-४० पीएसआय हवा. ट्यूब दोन ठेवा, काटे फार. उतारावर खडे दिसले की पुढचा ब्रेक विसरा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या. पोदेर आमच्याकडे याच वाटांवरून पावाने भरलेली टोपली घेऊन वर्षानुवर्षं जातोय, त्याच्या सायकलीला गिअर नाहीत.

एक गोष्ट आधी सांगायला हवी होती. खाणपट्ट्यांच्या आत जाऊ नका, ती खासगी हद्द आहे, आणि पाण्याने भरलेल्या खड्ड्यांचे काठ ढासळतात. शिवाय डिसेंबर २०२२ पासून लिलाव सुरू झालेत, डिचोलीकडे ट्रक परत आलेत. जिथे जाल तिथे आदल्या दिवशी चहाच्या टपरीवर विचारा.

दादाने एक टिपर भंगाराच्या भावाने दिला. दुसरा चिरे वाहतो. रिवणच्या रस्त्यावर मागून निळ्या तोंडाची गाडी आली तर कडेला व्हा. हळू चालवतो, पण सायकलवाला दिसला की एक हॉर्न जास्त मारतो.